तळटीप १४ : ‘नावे हाली ३॥’

१४. हाली : हाली शिक्का, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा रुपया. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. ७ हालीला ६ कलदार हा त्यांचा दर होता. ‘॥’ म्हणजे अर्धा, आठ आणे. तेव्हा इथले ३॥ (साडेतीन) हाली बरोबर ३ कलदार होतात. उताऱ्यातले धावडा गाव (ता. भोकरदन) तेव्हा संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते, जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. डोंगरापलीकडचा खानदेश आणि पूर्वेचा बुलढाणा हा कलदाराचा मुलूख होता. त्यामुळे या भागातल्या किराणा दुकानाची वही वाचताना रक्कम कोणत्या नाण्यातली हे आधी पाहावे. नाहीतर कुळाची बाकी सातव्या हिश्श्याने चुकते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावरही हाली काही वर्षे चालत राहिला. अमेरिकेतही १७९२ साली डॉलर कायद्याने ठरल्यानंतर खेड्यांतले दुकानदार बराच काळ पौंड-शिलिंगांत खाती लिहीत.

‘नावे’ म्हणजे गिऱ्हाइकाकडून येणे, ‘जमा’ म्हणजे त्याच्याकडून आलेले. दिवसभराचा व्यवहार आधी रोजकीर्दीत ओळीने लिहायचा, मग खतावणीत ज्याच्या-त्याच्या पानावर चढवायचा. उताऱ्यातली नोंद खतावणीतली आहे; गूळ, तेल, मीठ किती नेले ते तिच्यात नाही, त्यासाठी त्याच मितीची कीर्द काढावी लागते. अशा वह्या रद्दीत जातात, तेव्हा घरोघरीच्या चुलीचा हिशेबच जातो. नवी वही दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला पुजून उघडत.