बखर, अर्ज आणि पेनिसिलिन

पेनिसिलिनची बखर शाळकरी मुलालाही पाठ असते. १९२८ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परततात, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील आपल्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याच्या एका बशीत त्यांना बुरशी आलेली दिसते, बुरशीभोवतालचे जंतू नाहीसे झालेले दिसतात, आणि मानवजातीस संजीवनी लाभते. बखरकाराला जे जे म्हणून हवे असते ते सारे या कथेत आहे. नायक आहे, योगायोग आहे, शुभशकुन आहे. नाही तो फक्त पैसा. तो कोणी दिला, कोणाकडे मागितला आणि मागताना काय लिहिले, याविषयी बखर मौन पाळते.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही. बखर मागाहून रचली जाते. कागद त्या त्या दिवशी, त्या त्या गरजेपोटी लिहिलेला असतो. पेनिसिलिनचेही असे दोन अस्सल कागद आहेत. दोन्ही १९३९ सालचे, दोघांमध्ये अवघे पंचाहत्तर दिवसांचे अंतर. आमच्या मते वैद्यकीय संशोधनासाठी पैसा मागण्याची कला माणूस कसा शिकतो, हे या दोन कागदांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण साधे आहे. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने सिकलसेल आजारावरील संशोधनासाठी प्रस्ताव तयार केला होता. त्याचा सर्वसामान्यांसाठीचा मराठी सारांश भाषा तपासण्यासाठी आमच्याकडे आला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देऊ, अशा समजुतीने आम्ही तो हाती घेतला आणि दोन आठवडे त्यातच गुंतून पडलो. अडचण शुद्धलेखनाची नव्हती, काळाची होती. त्या तीन परिच्छेदांतले प्रत्येक क्रियापद भविष्यकाळी होते आणि त्यातल्या एकाही क्रियापदाला शंका ठाऊक नव्हती. असो. त्याकडे पुढे येऊ.

फ्लेमिंग यांचा निबंध १९२९ साली प्रसिद्ध झाला. बुरशीतील हा पदार्थ शुद्ध स्वरूपात काढणे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जमले नाही, आणि विषय जवळजवळ बाजूला पडला. दहा वर्षांनी तो उचलला गेला ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन विकृतिशास्त्र संस्थेत. तिचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी, मूळचे ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे, १९३५ पासून तेथे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली अर्न्स्ट चेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ, हिटलर सत्तेवर येताच बर्लिन सोडून आलेले ज्यू निर्वासित. लायसोझाइम या जंतू विरघळवणाऱ्या विकरावर काम करता करता जुने निबंध चाळताना चेन यांना फ्लेमिंग यांचा निबंध सापडला. संस्थेच्या तिजोरीत मात्र खडखडाट होता. खात्यावर पाचशे पौंडांची उचल झाली आहे, आता काहीही नवे मागवू नका, असे फ्लोरी यांनी आपल्याला बजावल्याची आठवण चेन यांनी नंतर सांगितली आहे.

पहिला कागद ६ सप्टेंबर १९३९ चा. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून तीनच दिवस झाले होते. फ्लोरी यांनी ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचे सचिव एडवर्ड मेलनबी यांना पत्र लिहिले. पेनिसिलिन स्टॅफिलोकोकाय जंतूंवर परिणामकारक आहे, प्राण्यांना ते विषारी दिसत नाही, रुग्णांवरील चाचणीसाठी ऑक्सफर्डमध्येच सहकार्य मिळू शकेल, असा त्याचा आशय. सारा भर उपयोगावर. मागणी शंभर पौंडांची होती. उत्तर आले ते तूर्त पंचवीस पौंडांचे.

मेलनबी यांना दोष देण्यात अर्थ नाही. युद्ध सुरू झालेले, अर्जदाराची ख्याती वारंवार पैसे मागणारा अशी, आणि पत्रात दाखवण्याजोगा नवा प्रयोग एकही नाही. फ्लोरी यांनी जे लिहिले तो शुद्ध अर्ज होता. अर्ज हा शब्द आपल्याकडे दरबारातून आला, आणि त्यात वरच्याने खालच्याची गरज ऐकून घ्यावी ही अपेक्षा अजूनही टिकून आहे. गरज खरी असली तरी देणाऱ्याच्या मनात ती करुणा जागवते, कुतूहल नाही. करुणेचा भाव त्या दिवसांत पंचवीस पौंड होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीस रॉकफेलर प्रतिष्ठानाचे एक अधिकारी, हॅरी मिलर, ऑक्सफर्डला आले. फ्लोरी यांच्याशी त्यांचे बोलणे झाले आणि प्रतिष्ठानाकडे रीतसर मागणी करावी असे त्यांनी सुचवले. येथे देणाऱ्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे. प्रतिष्ठानाच्या निसर्गविज्ञान विभागाचे संचालक वॉरन वीव्हर हे मूळचे गणिती. जीवशास्त्रातील प्रश्न रसायन आणि भौतिकी यांच्या साधनांनी सोडवावेत ही त्यांची धारणा होती. ‘रेणवीय जीवशास्त्र’ हे नाव १९३८ साली त्यांनीच वापरात आणले. रोग बरे करण्याच्या आश्वासनाला या विभागात फारसा भाव नव्हता.

दुसरा कागद २० नोव्हेंबरचा. त्याच्या मसुद्यात चेन यांचा मोठा वाटा होता. काम तेच, माणसे तीच, बुरशीही तीच. परंतु शीर्षकात आता ना पेनिसिलिन होते ना रोग. सूक्ष्मजीवांमधील परस्परविरोधाचा रासायनिक अभ्यास, असा काहीसा त्याचा भावार्थ होता. पेनिसिलिन हे त्या व्यापक प्रश्नाचे एक उदाहरण झाले, आणि त्याच्या जोडीला पायोसायानेजसारखे जंतूंपासून मिळणारे इतर पदार्थही आले. शुद्धीकरणाची रीत, रासायनिक स्वरूपाचा शोध, मग प्राण्यांवरील प्रयोग अशी पायऱ्यांची मांडणी आली. रोगोपचाराची शक्यता गाळलेली नव्हती, फक्त ती आपल्या जागी बसवली होती. मागणी वर्षाला १६७० पौंड, शिवाय उपकरणांसाठी एकवेळचे १००० पौंड. मंजुरी मिळाली ती वर्षाला ५००० डॉलरच्या घरात, म्हणजे मागणीपेक्षा कमी; पण पंचवीस पौंडांशी तिची तुलनाच नव्हती.

पहिल्या कागदाला आम्ही अर्ज म्हटले. हा दुसरा खऱ्या अर्थाने प्रस्ताव होता. अर्जात मागणे असते, प्रस्तावात मांडणे. अर्जदार आपली गरज सांगतो. प्रस्तावक देणाऱ्यापुढे त्याचाच प्रश्न असा ठेवतो की त्याचे उत्तर मिळावे ही देणाऱ्याची गरज होऊन बसते. यात चातुर्य आहे, हे मान्य. पण ही लबाडी आहे काय?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चेन यांनी पुढे आयुष्यभर सांगितले की आपली प्रेरणा निव्वळ शास्त्रीय होती, औषधाचा विचार मनात नव्हता. पेनिसिलिन हे लायसोझाइमसारखे विकर, म्हणजे प्रथिन असावे, असा त्यांचा प्रारंभीचा कयास होता. आणि तसे असते तर माणसाच्या शरीरात ते वारंवार टोचणे अवघडच होते. मग मेलनबींना लिहिलेल्या पत्रातील रुग्णांच्या उल्लेखाचे काय करायचे? एक कागद उपचार पुढे करतो, दुसरा रसायन, आणि मागाहूनची आठवण पहिल्या कागदाशी जुळत नाही. राजवाड्यांच्या शिष्याने अस्सल कागदाच्या बाजूने कौल द्यावा, हे उघड आहे. पण येथे अस्सल कागदही कोणाला तरी प्रसन्न करण्यासाठीच लिहिलेला आहे. आमचा कल असा की दोन्ही हेतू खरे होते आणि प्रत्येक दाराशी त्यांतला एक पुढे उभा केला गेला. एका घरात हे दोन हेतू दोन माणसांचेही असू शकतात. फ्लोरी वैद्यकाचे पदवीधर, चेन रसायनाचे.

चेन यांचा कयास तर साफ चुकला. पेनिसिलिन प्रथिन निघाले नाही, त्याचा रेणू त्या मानाने अगदी लहान निघाला. आणि म्हणूनच ते औषध म्हणून वापरता आले! २५ मे १९४० रोजी, डंकर्कहून सैन्य माघारी आणण्याची मोहीम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकाय जंतू टोचले गेले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले गेले. नॉर्मन हीटली रात्रभर पाहत बसले. पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. हे हीटली पुढे रुग्णशय्येखालची भांडी बुरशी वाढवण्यासाठी वापरत, आणि त्यांचे नाव बखरीत शोधूनही सापडत नाही. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळाले.

आपल्याकडे ही कला काही प्रमाणात परळहून सुरू होते. १८९६ च्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, तेव्हा प्रस्तावाची गरज नव्हती. मांडवीतल्या प्लेगनेच तो लिहून ठेवला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात काम सुरू झाले आणि १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली. साथ ओसरली की तिजोरीचे तोंड मिटते, हा मात्र सरकारचा जुना रिवाज. १९११ साली भारतीय संशोधन निधी संघटना स्थापन झाली आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर रोजी मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेतच भरली. याच संघटनेच्या अनुदानावर, १९१९ च्या अखेरीपासून, उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत, जेथे ना वीज होती ना नळ, काळ्या आजारावरचे युरिया स्टिबामाइन तयार केले. १९४९ साली संघटना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली.

आज प्रस्तावलेखन हा शिकवण्याचा विषय झाला आहे, त्याच्या कार्यशाळा भरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१० साली आपल्या मुख्य अनुदानाच्या संशोधन आराखड्याची मर्यादा पंचवीस पानांवरून बारा पानांवर आणली. अलंकारशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने संक्षेपाचा गुण इतक्या परिणामकारकपणे शिकवला नसेल.

आता आमच्या सहकाऱ्याचे. त्याच्या सारांशात ‘सिद्ध करण्यात येईल’ असे सहा वेळा होते. जे आधीच सिद्ध होणार हे ठाऊक आहे त्यासाठी पैसा कशाला मागायचा, असे आम्ही विचारले आणि ‘तपासून पाहू’ असे सुचवले. तो हसला. म्हणाला, “सर, ‘पाहू’ला कोणी पैसे देत नाही.” आम्ही त्याला फ्लोरींचे दोन्ही कागद समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, सहांपैकी चार ठिकाणी ‘तपासले जाईल’ केले, आणि दोन ठिकाणी ‘सिद्ध’ तसेच ठेवले. ते दोन कोणते, हे त्याने आम्हाला विचारून ठरवले नाही.