ब्रेकची हवा काढणे (तीनचाकी वाहने)

ब्रेकची हवा काढणे : द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांत आणि सिलिंडरांत शिरलेली हवा ब्रेक ऑइलबरोबर बाहेर काढून टाकण्याची क्रिया. गॅरेजमध्ये तिला ‘ब्लीडिंग’ किंवा नुसते ‘हवा काढणे’ म्हणतात. प्रवासी रिक्षा, मालवाहू तीनचाकी आणि मोटारसायकलला मागे दोन चाके जोडून बनवलेले वाहन या तिन्हींत तत्त्व एकच असले, तरी हवा अडकण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात.

छत्रपती संभाजीनगरात या विषयाची सगळी साखळी एका शहरात पाहता येते. पश्चिमेला वाळूजला १९८५ मध्ये सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना आहे आणि तिथे तीनचाकी वाहने तयार होतात. याच शहरात वाढलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी ब्रेकचे भाग बनवते. पूर्वेला जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडा गाड्यांची जुळणी होऊ लागली. मोटारींच्या जुळणीरेषेवर सहसा यंत्राने नळ्यांतली हवा आधी ओढून घेतात आणि मगच द्रव भरतात, त्यामुळे नव्या वाहनात बुडबुडा राहण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. तीच गाडी किंवा रिक्षा काही वर्षांनी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये येते, तेव्हा यंत्राचे काम एक पाना, एक नळी आणि दोन माणसे करतात. पाळी सुटल्यावर शेंद्र्याहून कामगारांना घेऊन निघालेल्या रिक्षाचा भरवसा त्या दोघांच्या कामावर असतो.

तत्त्व : द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पॅडलवरचा दाब नळीतून जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. हवा मात्र आकसते. समजा, १९ मिलिमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरच्या पुढे नळीत फक्त १ घन सेंटिमीटर हवा आहे. ब्रेक दाबल्यावर दाब चाळीसपट झाला, तर ती हवा आकसून चाळिसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे पिस्टनची सुमारे साडेतीन मिलिमीटर चाल तिला दाबण्यातच खर्ची पडते. पॅडलचे गुणोत्तर चारास एक धरले, तर पायाखाली ती चाल जवळपास १४ मिलिमीटर होते. शेंगदाण्याएवढ्या बुडबुड्याची ही किंमत आहे. पॅडल स्पंजासारखे लागते ते यामुळेच.

हवा शिरण्याची कारणे साधी असतात. नळी किंवा व्हील सिलिंडर उघडलेला असतो, टाकीतली पातळी फार खाली गेलेली असते किंवा सिलिंडरमधले रबरी वॉशर झिजलेले असतात. चौथे कारण डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांवर आला तरी चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. खुलताबादचा उतार किंवा कन्नडचा औट्रम घाट भरलेल्या गाडीने ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर ड्रमची उष्णता सिलिंडरपर्यंत जाते, जुना द्रव उकळतो आणि वाफ तयार होते. ती हवेसारखीच आकसते. थोडे थांबल्यावर ब्रेक परत येतो आणि चालक निर्धास्त होतो. खरे तर तो द्रव त्याच दिवशी बदलायला हवा.

नावाचा घोटाळा : ‘ब्रेक ऑइल’ हे नाव सर्वांच्या तोंडी रुळले आहे, पण हा पदार्थ तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल गटातले द्रव आहेत. ‘ऑइल’ या शब्दावर विसंबून कुणी त्यात इंजिन ऑइल ओतले, तर या द्रवासाठी घडवलेले वॉशर फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतची सगळी किट बदलावी लागतात. अडीअडचणीला ‘थोडेसे चालते’ म्हणून दिलेला हा सल्ला घातक आहे. सिलिकोनयुक्त डॉट ५ हाही वेगळा द्रव आहे. तो डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये. डॉट ३ किंवा डॉट ४ वाहनाच्या रंगावर सांडल्यास रंग सुटतो, म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवतात.

पद्धत : रिक्षाच्या तिन्ही चाकांना सहसा ड्रम ब्रेक असतात, म्हणून आधी ब्रेक शूंचे अंतर ठीक करावे. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. शू ड्रमपासून लांब असतील तर हवा नसतानाही पॅडल खोल जाते आणि मिस्त्री उगाच द्रव वाया घालवत बसतो. त्यानंतर टाकी भरून घ्यावी. मास्टर सिलिंडरपासून नळीच्या वाटेने सर्वांत लांब पडणाऱ्या मागच्या चाकापासून सुरुवात करून शेवटी पुढच्या चाकावर यावे. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा.

व्हील सिलिंडरच्या माथ्यावर ब्लीडर, म्हणजे हवा सोडण्याचा स्क्रू असतो, कारण हवा वर चढते. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ताज्या द्रवात बुडवतात. एक जण पॅडलवर बसतो, दुसरा चाकाशी. ‘पंप मार’, ‘धरून ठेव’ अशी हाक येते. ब्लीडर पाव फेरा उघडला की पॅडल खाली जाते आणि नळीत बुडबुडे दिसतात. ब्लीडर आवळला गेल्यावरच ‘सोड’. हा क्रम चुकला आणि पाय आधी उचलला गेला, तर ब्लीडरवाटे हवा पुन्हा आत ओढली जाते. जुन्या वाहनात पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोजच्या वापरात येत नाही तिथे गंज साठतो आणि पॅडल तळापर्यंत गेले की वॉशर त्यावर घासून फाटतात. दर चार-पाच फेऱ्यांनी टाकी पाहावी, कारण ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून करावे लागते. बाटलीत जमलेला द्रव गाळूनही परत टाकीत ओतू नये.

काम झाल्यावर पॅडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली बसत असेल तर दोष हवेचा नसून गळतीचा आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तरीही हवेला दोष देऊ नये, कारण एकाच परिपथातल्या दोन्ही चाकांपर्यंत सारखाच दाब पोहोचतो. अशा वेळी शूंचे असमान अंतर किंवा लायनरवर आलेले तेल शोधावे.

मोटारसायकलची तीनचाकी : मूळ मोटारसायकलचा मागचा मास्टर सिलिंडर एका चाकापुरता आखलेला असतो. त्याच्यावर दोन चाके टाकली की दर दाबाला लागणारा द्रव वाढतो. मग हवा पूर्ण निघूनही पॅडल लांब जाते आणि मोठ्या व्यासाचा सिलिंडरच बसवावा लागतो. नवी नळी सांगाड्यावरून नेताना मध्येच कमान झाली, तर हवा त्या उंचवट्यावर अडकते आणि पॅडलने ढकलूनही हलत नाही. अशा वेळी मागची बाजू जॅकवर उचलून ब्लीडर सर्वांत उंच आणतात किंवा चाकाकडून पिचकारीने द्रव उलटा चढवतात. मागे डिस्क ब्रेक असतील आणि त्यांचे कॅलिपर डाव्या-उजव्या बाजूंत अदलाबदल होऊन बसले, तर ब्लीडर तळाशी येतो. तेव्हा कॅलिपर सोडवून, पॅडमध्ये फळीचा तुकडा धरून आणि ब्लीडर वर करूनच हवा काढावी.

भारतात वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ च्या कक्षेत येतो. अपंग व्यक्तींसाठी रूपांतरित वाहनांची तरतूद कायद्यात आहे. मात्र स्कूटरला लावलेल्या बाजूच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतात, म्हणून मूळ चाकांच्या ब्रेककडे तिथे अधिक काटेकोर लक्ष द्यावे लागते.

द्रव बदलण्याचा सर्वसाधारण काळ दोन वर्षांचा मानतात. व्यावसायिक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्रही पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी नवे करावे लागते आणि पुढे दरवर्षी. त्यामुळे फिटनेसला जाण्याच्या आठवड्यात जुना द्रव काढून नवा भरणे रिक्षाचालकाला सोयीचे पडते. काळवंडलेला द्रव जाऊन नळीत स्वच्छ, फिकट द्रव दिसेपर्यंत प्रत्येक चाकाचा ब्लीडर उघडत राहावे.