शिंपल्यांची खिडकी आणि रिसॉर्टची भिंत

गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये होतं. आम्ही कारकून मंडळी एरवी अशा जागी कशाला जातोय! जेवणाच्या हॉलमध्ये शिरलो आणि समोरच्या भिंतीकडे बघतच राहिलो. शिंपल्यांच्या जुन्या खिडक्यांची सहा दारं ओळीने टांगली होती आणि त्यांच्या मागे पिवळे दिवे लावले होते. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते.

आमच्या जुन्या घरालाही अशा चार खिडक्या होत्या. 1994 साली घर मोडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा बाबांनी त्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मी अकरावीत होतो. नवीन घराला काचा येणार म्हणून मला तर आनंदच झाला होता. भिंतीवरची ती दारं आमचीच होती, असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या तरी घराची होती, एवढं नक्की.

हा शिंपला चपटा, गोल आणि इतका पातळ की त्यातून उजेड आरपार येतो. झुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत तो सापडतो. पोर्तुगीज काळात काच समुद्रमार्गे येई, महाग पडे. तेव्हा शिंपल्याच्या कडा कापून त्याला चौकोनी करत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकवत. एखादा फुटला तर मेस्त तेवढाच काढून दुसरा बसवी. जुन्या गोव्यातल्या चर्चपासून गावच्या हिंदू घरांपर्यंत सगळीकडे हीच रीत होती. स्पॅनिश अमलातल्या फिलिपिन्समध्येही, मनिलाच्या घरांना, ह्याच शिंपल्याच्या खिडक्या असत.

आता ह्या खिडकीचं काम काय, ते पाहा. दुपारचं ऊन ती अडवी, पण खोलीत अंधार करत नसे. रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसत नसे. पुढे काच स्वस्त झाली आणि शिंपला मागे पडला. तो बसवणारे हातही कमी होत गेले.

1974 साली आग्वादच्या किल्ल्यापाशी मोठं हॉटेल उभं राहिलं. 1983 साली राष्ट्रकुल देशांचे नेते गोव्यात विश्रांतीला आले आणि आमचे किनारे जगाच्या नजरेत भरले. पुढे रिसॉर्टं वाढली आणि पाहुण्यांना 'गोव्याचं काहीतरी' दाखवायची गरजही वाढली. मोडलेल्या घरांचे खांब, दारं, खिडक्या ह्यांना असं गिऱ्हाईक मिळालं. त्यात 2001 साली हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आला. तेव्हापासून तो खाडीतून मनाला येईल तसा काढता येत नाही. ते योग्यच झालं. पण त्यामुळे जुन्या घरांत उरलेत तेवढेच शिंपले आपल्या हाती आहेत. भिंतीवर टांगलेलं प्रत्येक दार म्हणजे दुसऱ्या एखाद्या घराच्या दुरुस्तीला कमी पडलेलं सामान.

रिसॉर्टवाल्यांनी स्थानिक वस्तू वापरू नयेत, असं मला म्हणायचं नाही. जरूर वापराव्यात. आपल्याकडे चिरा आहे, डिचोलीची माती आणि ती घडवणारे कुंभार आहेत, बांबूचं विणकाम आहे, माडाचा काथ्या आहे. ह्या वस्तू नव्याने करवून घेता येतात आणि कारागिराला काम मिळतं. वस्तू मूळची इथली असलीच पाहिजे, असंही नाही. आपण ज्यांना गोव्याची कौलं म्हणतो, ती मंगलोरी. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात त्यांचा कारखाना काढला. पण ती आपल्या छपरावर बसली, आपला पाऊस झेलू लागली आणि आपली झाली. एअर कंडिशन्ड हॉलमध्ये, भिंतीला पाठ लावून टांगलेल्या खिडकीला मात्र काही कामच नाही.

दोष एकट्या रिसॉर्टवाल्याचा नाही. विकणारे आपणच. माझे बाबा काही अडाणी नव्हते. त्यांना घर पक्कं हवं होतं, एवढंच. तुमच्या घरी अशा खिडक्या असतील आणि घर मोडायला काढलं असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी गावात कुणी जुनं घर दुरुस्त करतंय का, एवढं विचारा. निदान ती खिडकी पुन्हा खिडकी म्हणूनच लागेल.