वंशावळीबाहेरची लेक

एखादा मनुष्य निपुत्रिक वारला की त्याची मालमत्ता बेवारस झाली असे लोक सहज म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र खराखुरा बेवारस मनुष्य विरळाच. वारस कोठेतरी असतो. तो कोठे आहे हे कोणास ठाऊक नसते, इतकेच. असा वारस हुडकून काढणे हा युरोपात एक स्वतंत्र व्यवसाय आहे. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकापासून वंशशोधकांच्या पेढ्या चालत आल्या आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदी, विवाहपत्रे आणि जुने दस्तऐवज चाळून ते दूरच्या वारसापर्यंत पोहोचतात. वारशाची वार्ता त्याला देण्याच्या मोबदल्यात त्या वारशातील ठरलेला हिस्सा ते घेतात.

आपल्याकडे असा धंदा उभा राहिला नाही. परंतु वंश लक्षात ठेवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. मराठी मुलखात वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी-प्रतिवादी आपापल्या घराण्याच्या करिन्यात पिढ्यांची हकीकत मांडीत. ज्याचे कूळ नष्ट झाले त्याच्या जमिनीस ‘गतकूळ’ म्हणत. पण परागंदा झालेला मिरासदार परत आला, तर त्याचा जुना हक्क गाव मानीत असे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आजही अनेक घराण्यांच्या कित्येक पिढ्या सापडतात.

ह्या सर्व साधनांत एक उणीव आहे. वतन मुलाकडे जाई, म्हणून वंशावळ मुलांची लिहिली जाई. बापाखाली मुलगे व मुलग्यांखाली नातू असा तो वृक्ष वाढे. लेकीची फांदी लग्नाच्या दिवशीच कागदावरून गळून पडे. जेथे लेकीला वारसाच नव्हता, तेथे ह्या उणिवेने व्यवहार अडत नसे. गोव्यात मात्र तो अडला.

मोरजीचे उदाहरण घ्यावे. शापोरा नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, पेडणे महालात हे गाव वसले आहे. 1788 मध्ये पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. पुढे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 च्या जुलैपासून गोव्यात लागू झाली. हिंदूंचे काही रीतिरिवाज 1880 च्या फर्मानाने राखले गेले. तथापि वारशाचे मूळ तत्त्व कायम राहिले. मुलगा व मुलगी ह्यांचा हिस्सा सारखाच. अपत्य नसेल तर आईबाप, मग भावंडे व त्यांची संतती, अशा क्रमाने मूळ संहितेतील वारसा दहाव्या अंशाच्या नात्यापर्यंत पोहोचे, आणि त्यानंतरच सरकारचा हक्क उभा राही.

कायदा असा होता. सोयरीक मात्र राज्याची हद्द पाहून जुळत नसे. पेडण्याची लेक तेरेखोल ओलांडून सावंतवाडी मुलखात नांदावयास जाई, किंवा नवऱ्याबरोबर मुंबई गाठी. तेथे तिच्या भोवतालचा कायदा निराळा होता. ब्रिटिश हिंदुस्थानात भाऊ असताना बहिणीला बापाच्या मिळकतीत सामान्यतः वाटा नसे. तेव्हा नदीपलीकडे आपण वारस आहोत, हे तिला कोणी सांगितल्यावाचून कळावे कसे? शिवाय लग्नात तिचे नावही बदले. गोव्याच्या जन्मनोंदीत एक नाव, सासरच्या कागदांत दुसरे. त्यात पोर्तुगीज लेखनाची भर पडे. प्रभूचे ‘पोरोबो’ होई, शेणव्याचे ‘सिनाय’ होई. 1955 नंतर गोव्याची आर्थिक नाकेबंदी झाली तेव्हा माहेरची वाटही अवघड झाली, ती 1961 च्या गोवामुक्तीपर्यंत.

मुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने जुनी संहिता चालू राहिली. तिच्या वारसाविषयक भागाची जागा आता 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने घेतली आहे. तो 2016 च्या डिसेंबरात अमलात आला. समान हिश्श्याचे तत्त्व त्यातही आहे. वारस कोण हे ठरविणारा लेख नोटरीपुढे साक्षीदारांच्या सांगण्यावरून होतो आणि त्याची जाहिरात प्रसिद्ध होते. ह्या लेखात एक ठरीव वाक्य असते: नमूद केलेल्या वारसांहून वरचढ किंवा त्यांच्या बरोबरीचा हक्क असलेले दुसरे कोणीही नाही. अवघे एक वाक्य; पण साक्षीदार विसरला किंवा त्याने विसरण्याचे ठरविले, तर तेवढ्या वाक्याने एक बहीण आणि तिची सारी संतती पुसली जाते.

पूर्वी किनाऱ्यावरच्या वाळवट जमिनीला मोल थोडे होते, तोवर हे पुसणे कोणास फारसे जाणवले नाही. पर्यटन वाढले, मोरजीसारख्या गावांत जमिनीचे भाव चढले, आणि गैरहजर वारस ही कित्येकांना संधी वाटू लागली. मृतांच्या नावांनी बनावट खरेदीखते करून जमिनी बळकावल्याच्या तक्रारी गोवाभर इतक्या वाढल्या, की 2022 मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती वि. का. जाधव ह्यांचा एकसदस्यीय आयोगही नेमण्यात आला. बनावट कागद करणाराला हवी असते ती अशी जमीन, जिच्याविषयी विचारणा करावयास कोणी येणार नाही.

म्हणून येथे वंशशोधकाचे काम दुहेरी आहे. वारस शोधावयाचा, आणि त्या शोधाने खोट्याची वाट अडवावयाची. साधने आहेत. 1914 पासून गोव्यात सर्व धर्मीयांची नागरी नोंदणी होऊ लागली. तिच्या जन्म व विवाहनोंदींत आईबापांची नावे मिळतात, आणि वंशावळीने गाळलेली लेक तेथे भेटते. पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीज दप्तरांबरोबर मोडी कागदही आहेत. शोधाचा क्रम मात्र बदलावा लागतो. मुलगे कोण, ह्याऐवजी लेकी कोठे दिल्या, येथून आरंभ करावा लागतो. त्याचे उत्तर पुष्कळदा तेरेखोलपलीकडच्या एखाद्या घरात, आजीच्या माहेरच्या नावाच्या आठवणीत असते. ते नाव सांगू शकणारी पिढी मावळत चालली आहे.

कित्येक बहिणींनी आपला हिस्सा भावाला राजीखुशीने लिहून दिला आहे, आणि कायद्याला तो हक्कत्याग मान्य आहे. परंतु विचारल्यावर सोडलेला हक्क आणि न विचारता गेलेला हक्क एक नव्हेत. पहिल्यात तिची सही असते. दुसऱ्यात तिचे नावदेखील नसते.