‘रचनाकार कोण?’ : एका प्रश्नाचा पूर्वेतिहास

पाश्चात्त्य अभिजात संगीतावरील प्रश्नमंजूषांचे खेळ आज आंतरजालावर विपुल आढळतात. शीर्षक झाकलेले स्वरलिपीचे एखादे पान दाखवावयाचे, किंवा दहा-पंधरा सेकंदांचा ध्वनिखंड ऐकवावयाचा, आणि ‘याचा रचनाकार कोण?’ असे विचारावयाचे, हे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होय. खेळणारे बहुधा हौशी असतात, बक्षीस नसते, चुकले तरी कोणी हसत नाही. हा विषय संशोधनाच्या दृष्टीने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु असा प्रश्न विचारता यावा यासाठी आधी काय काय घडून यावे लागले, हे पाहू लागले म्हणजे तो तितकासा क्षुल्लक राहत नाही.

संगीतज्ञांनी एकमेकांना कोडी घालण्याची प्रथा जुनीच आहे. लोरेन्झ क्रिस्टोफ मिट्सलर याने 1738 साली लाइपझिग येथे संगीतशास्त्रास वाहिलेली एक मंडळी स्थापन केली. सभासद वीसांहून अधिक नसावेत असा तिचा नियम होता, आणि तिचा व्यवहार मुख्यतः टपालाने चाले. टेलेमान 1739 मध्ये सभासद झाला, हँडेल 1745 मध्ये सन्माननीय सभासद झाला, आणि योहान सेबास्टियान बाख 1747 मध्ये तीत आला. त्याने मंडळीस सादर केलेल्या रचनांत सहा आवाजांचा एक कॅनन होता. कागदावर मात्र त्याचे तीनच आवाज लिहिलेले होते! उरलेले तीन वाचणाऱ्याने स्वतः शोधावयाचे. म्हणजे लिहिलेला स्वरक्रम उलटा करून, चढाच्या जागी उतार व उताराच्या जागी चढ घेऊन, तो मूळ आवाजाशी नेमका कोठे जुळतो हे ठरवावयाचे. हौसमान या चित्रकाराने 1746 मध्ये रंगविलेल्या चित्रात बाखच्या हाती हाच कॅनन दिसतो. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला 1747 मध्येच अर्पण केलेल्या ‘म्युझिकल ऑफरिंग’ या ग्रंथातही असे कूट कॅनन आहेत, आणि त्यांतील काहींवर ‘शोधल्यास सापडेल’ अशा आशयाचा लॅटिन मथळा आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कोड्यात रचनाकाराचे नाव दिलेले आहे आणि संगीत लपविलेले आहे. आजच्या खेळात संगीत दिलेले असते आणि नाव लपविलेले असते. पहिल्याचे उत्तर संगीतानेच द्यावयाचे, आणि ते बरोबर आहे की नाही हे गाऊन पाहता येते. दुसऱ्याचे उत्तर एक नाव आहे, आणि त्याच्या सत्यतेसाठी रचनेबाहेरचा आधार लागतो. आपल्याकडील बैठकीत श्रोता प्रथम राग ओळखू पाहतो. बंदिश कोणाची हा प्रश्न त्याला सहसा मागाहून सुचतो. तेव्हा कर्त्याच्या नावाला मिळालेले हे अग्रस्थान स्वयंसिद्ध मानण्याचे कारण नाही.

हा बाहेरचा आधार मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासून सूचिकारांनी उभा केला. क्योखेल याची मोट्सार्टच्या रचनांची सूची 1862 मध्ये प्रसिद्ध झाली; तीत 626 क्रमांक आहेत. श्मीडर याची बाखविषयक सूची 1950 मध्ये आली. परंतु प्रश्नमंजूषेच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो बार्लो व मॉर्गनस्टर्न यांचा 1948 चा स्वराकृतींचा कोश. सुमारे दहा हजार स्वराकृती एकाच पट्टीत आणून, त्यांची स्वराक्षरे वर्णानुक्रमे लावून, केवळ चाल आठवणाऱ्यालाही रचनेचे नाव सापडेल अशी सोय त्यांनी केली. डेनिस पार्सन्स यांनी 1975 मध्ये ही युक्ती आणखी सोपी केली. पुढचा स्वर चढतो, उतरतो की तोच राहतो, एवढेच नोंदवूनही बहुतेक चाली वेगळ्या ओळखता येतात, असे त्यांना आढळले.

नभोवाणीने या ज्ञानाचा खेळ केला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या शनिवारच्या प्रक्षेपणात 1940 च्या हंगामापासून मध्यंतरात तज्ज्ञांना प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि ते श्रोत्यांनी टपालाने पाठविलेले असत. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर 1967 मध्ये सुरू झालेल्या ‘फेस द म्युझिक’ या कार्यक्रमात जोसेफ कूपर आवाज न करणाऱ्या पियानोपट्टीवर वाजवीत, आणि केवळ बोटे पाहून रचना ओळखावयाची असे. 2006 पासून आयएमएसएलपी या संग्रहाने स्वरलिप्या घरबसल्या उपलब्ध केल्या. पुढचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे.

तथापि, उत्तरपत्रिकेतील ‘बरोबर’ या शब्दाची व्याप्ती किती? आना माग्दालेना बाखच्या 1725 च्या वहीतील जी मेजरमधील मिन्युएट पियानो शिकणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या बाखची म्हणून वाजवीत आली. वहीत तिच्यावर कर्त्याचे नाव नाही; ती ख्रिस्टियान पेट्सोल्ट याची असल्याचे 1970 च्या दशकात निष्पन्न झाले. त्यापूर्वी ‘पेट्सोल्ट’ असे उत्तर देणाऱ्याला शून्यच गुण मिळाले असते.

फॅनी मेंडेल्सोनचे प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तेथे नाव केवळ हरवले नव्हते. तिची तीन गीते फेलिक्स या तिच्या भावाच्या आठव्या ओपसमध्ये त्याच्याच नावाने छापली गेली होती. 1842 मध्ये व्हिक्टोरिया राणीने फेलिक्ससमोर गाण्यासाठी नेमके त्यांतीलच ‘इटालियन’ हे गीत निवडले, आणि ते आपल्या बहिणीचे असल्याची कबुली त्याला द्यावी लागली. छापील मुखपृष्ठाला प्रमाण मानणारी कोणतीही प्रश्नमंजूषा येथे चुकली असती. फॅनीचा 1828 मधील ‘ईस्टर सोनाटा’ तर 1970 च्या दशकात फेलिक्सची रचना म्हणून ध्वनिमुद्रितही झाला. 2010 मध्ये अँजेला मेस यांनी हस्तलिखित प्रत्यक्ष तपासले. हस्ताक्षर फॅनीचे होते. आणि तिच्या वहीतून जी पाने नाहीशी झाली होती, त्यांच्याच क्रमांकांशी या पानांवरील क्रमांक जुळत होते.