पदग्रहणाचे फ्लेक्स आणि शिकागोची मुतारी

जुलै लागला की सेवाभावी क्लबांचे पदग्रहण सोहळे सुरू होतात. नवा अध्यक्ष, नवा सचिव, शाल-श्रीफळ, आणि रात्री आमच्या मोबाईलवर फोटो. बातमी तेवढी लावा म्हणून! आम्हीही लावतो. पण यातल्या सगळ्यात जुन्या क्लबची, रोटरीची सुरुवात कशी झाली हे माहीत असलेलं बरं.

रोटरी सेवेसाठी सुरूच झाली नव्हती. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस हा वकील तिघा ओळखीच्यांसोबत बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात व्हायची, म्हणून नाव रोटरी. हेतू दोनच, दोस्ती आणि एकमेकांना धंदा. कोणी कोणाला किती गिऱ्हाईक दिलं, याची चक्क नोंद ठेवायचे.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या वकिलाला सदस्य व्हा म्हणून गळ घातली. तो म्हणाला, यात फक्त तुमचंच भलं आहे, गावाचं काय? हॅरिसला ते पटलं. १९०७ मध्ये क्लबने पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं, ते म्हणजे भर शहरात सार्वजनिक शौचालय. विरोध झालाच. गुत्तेवाले म्हणाले, आमच्याकडे सोय आहे की. मोठे दुकानदार म्हणाले, बायकांसाठी आमची दुकानं आहेत. म्हणजे आधी बिअर घ्या, नाहीतर खरेदी करा! पण क्लबवाले मागे हटले नाहीत, शौचालय झालं.

पुढे हर्बर्ट टेलर नावाच्या उद्योजकाकडे दिवाळखोरीत निघालेली भांड्यांची कंपनी आली. त्याने १९३२ मध्ये कामासाठी चार प्रश्न लिहून काढले. हे खरं आहे का? सगळ्यांना न्याय्य आहे का? यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का? सगळ्यांच्या हिताचं आहे का? रोटरीने ते १९४३ मध्ये स्वीकारले. पहिल्याच प्रश्नावर टेलरला स्वतःच्या जाहिरातीतला 'जगात सर्वोत्तम' हा दावा काढावा लागला. आपल्याकडच्या फ्लेक्सला हा प्रश्न लावला तर किती मजकूर उरेल, देव जाणे.

क्लबचंही सगळं न्याय्य होतं असं नाही. जगभर बायकांना सदस्यत्व खुलं व्हायला १९८९ उजाडलं, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. दुसरीकडे १९८५ पासून याच लोकांनी पोलिओचा पिच्छा पुरवला. सरकारी यंत्रणा, आशाताई, अंगणवाडीताई यांच्या बरोबरीने. भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या कामाला कोणी नावं ठेवू शकत नाही.

आता आपल्या माजलगावचं. आठवडी बाजाराला खेड्यातली बाई सकाळी भाजीचं गाठोडं घेऊन येते, दिवस मावळताना परत जाते. मधल्या वेळात तिनं कुठं जायचं? यंदा पदग्रहणाला कोणीही बोलावलं, रोटरी असो की आणखी कोणी, तर मी एवढंच विचारणार आहे. बातमी काय, लावतोच.