लूप का मागे पडला?

१९६५ साली आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात लूप आला. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लिपीज यांनी घडवलेले हे प्लास्टिकचे साधन. एकदा बसवले की रोजची आठवण नको, म्हणून सरकारच्या आशा मोठ्या होत्या. उद्दिष्टे ठरली, शिबिरे भरली. पण अंगावरून जास्त जाऊ लागले, ओटीपोटात दुखू लागले, तर बाईने सांगायचे कोणाला? खेड्यात स्त्री-डॉक्टर क्वचितच. अफवा पसरल्या, दोन-तीन वर्षांतच मागणी ओसरू लागली.

पुढे तांबी आली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी नसबंदी झालेल्या सुमारे ३८ टक्के, तांबीसारखे साधन वापरणाऱ्या जेमतेम २ टक्के आढळल्या. साधन बसवणाऱ्याने नंतरची तक्रारही ऐकली, तरच बाईचा विश्वास बसतो.